भिंतीवरचे मक्का

आमच्या सोलापूरच्या घरी बैठकीच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीवर एक जोडचित्र होते. डाव्या बाजूला काबा, उजव्या बाजूला गुंबद-ए-खजरा, मध्ये सोनेरी अक्षरांत कलमा आणि भोवती गुलाबांची वेल. असे चित्र नसलेले मुसलमानाचे घर महाराष्ट्रात शोधावे लागेल. कॅलेंडरवर तेच, किराणा दुकानातल्या गल्ल्याच्या वर तेच, रिक्षाच्या काचेवर तेच. एक काळा चौकोन, खाली पांढरी फरशी, वर निळे आकाश. बाकी काही नाही.

माझे आजोबा, ज्यांना आम्ही बडे अब्बा म्हणत असू, १९७० च्या दशकात मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. परत आल्यावर वर्षानुवर्षे ते सांगत, "मक्का पत्थर का शहर है, जिधर देखो पहाड. दिन में तपते हैं, रात को आग छोडते हैं." आम्ही मुले भिंतीकडे बघायचो. तिथे एकही पहाड नव्हता. बडे अब्बा खोटे बोलत नसत हे आम्हांला माहीत होते. पण ते सांगत वर्षातून दोनदा आणि चित्र दिसे रोज. शेवटी चित्र जिंकले. माझ्या मनातले मक्का कितीतरी वर्षे सपाट होते, आमच्या शाळेच्या मैदानासारखे.

पुढे २०१८ मध्ये अम्मी उमराह करून आली. मी विचारले, पहाड पाहिलेस का? ती म्हणाली, "पहाड कहाँ, बेटा? मैंने तो घडी देखी."

एकाच शहराबद्दलच्या या दोन साक्षींमध्ये चाळीसएक वर्षांचे अंतर आहे. दोन्ही खऱ्या आहेत. माझा प्रश्न आहे तो त्या मधल्या, भिंतीवरच्या तिसऱ्या साक्षीबद्दल. एखाद्या जागेचा फोटो ती जागा आपल्याला दाखवतो, असे आपण धरून चालतो. पण तो त्या जागेचा केवढा भाग आपल्या नजरेआड करतो, आणि नजरेआड झालेले पुढे खरोखरच नाहीसे झाले तर आपल्याला त्याची खबर तरी लागते का? निसर्गाच्या आणि शहरांच्या छायाचित्रणावर आपल्याकडे लिहिले जाते ते बहुतेक कौतुकाने किंवा तंत्राच्या अंगाने. मुसलमान वाचकाच्या घरात जो एक फोटो हमखास असतो, त्याच्याकडे मात्र समीक्षेच्या नजरेने पाहायचे आपण टाळतो. त्याला हात लावणे म्हणजे बेअदबी, असे मनात कुठेतरी असते. मला तसे वाटत नाही. अदब काब्याची आहे, छापखान्याची नाही.

मक्केचे आज माहीत असलेले सर्वांत जुने फोटो काढले ते मुहम्मद सादिक बे या मिसरी फौजेतल्या इंजिनियरने. कैरोत आणि पॅरिसमध्ये शिकलेला हा माणूस १८६१ मध्ये मदीनेच्या वाटेची पाहणी करायला गेला आणि बरोबर कॅमेरा घेऊन गेला. मदीनेचे पहिले फोटो त्याचेच. पुढे १८८० मध्ये हजच्या मिसरी काफिल्याचा खजिनदार म्हणून तो मक्केत आला आणि हरमचे फोटो घेतले. १८८१ च्या व्हेनिस इथल्या भूगोल परिषदेत त्याला सुवर्णपदक मिळाले. नकाशे करणाऱ्याची नजर त्याच्या फोटोंत स्पष्ट दिसते. तो उंचावर जातो, शक्य तेवढे सगळे एका पट्ट्यात घेतो, एका काचेत मावले नाही तर शेजारी दुसरी काच लावतो. त्यामुळे काबा त्याच्या चित्रात मध्ये असूनही लहान दिसतो. भोवती बुटक्या घुमटांच्या कमानी, त्यांच्या पाठीशी खेटून उभी लाकडी जाळीच्या खिडक्यांची उंच घरे, आणि घरांच्या वर, अगदी अंगावर आल्यासारखे उघडे, खडकाळ डोंगर. बडे अब्बांचे मक्का मला पहिल्यांदा दिसले ते इथे, आणि तेही त्यांच्या इंतकालानंतर.

या फोटोंत आणखी एक गोष्ट आहे. त्या काळची ओल्या काचेची पद्धत अशी की काचेवर रसायन ओतायचे, ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची, आणि वाळण्याआधी धुऊन काढायची. काच संथ. समोर चालणारा माणूस धुरासारखा पुसट उमटतो किंवा उमटतच नाही; स्थिर उभा असलेला मात्र येतो. म्हणजे जुन्या कॅमेऱ्याला नमाज टिपता येई, तवाफ टिपता येत नसे. सफीत उभा असलेला माणूस राही, फेरे घालणारा विरून जाई. आज याच्या उलट चालले आहे. आता एका क्षणाच्या हजाराव्या भागात तवाफ गोठवता येतो, तरीही कॅलेंडरवाल्यांना आवडतो तो मुद्दाम धूसर केलेला तवाफ, काब्याभोवती फिरणारा पांढऱ्या दुधाचा भोवरा. पूर्वी यंत्राच्या मर्यादेमुळे माणसे पुसली जात, आता सौंदर्यासाठी पुसली जातात. मला स्वतःला हा भोवरा खटकतो. त्या पांढऱ्या रेषेत कोणाची तरी आई आहे, कोणाचा गुडघा दुखतो आहे, कोणी हरवलेल्या भावाला शोधतो आहे. हज करून आलेल्या कुणालाही विचारा, त्याला भोवरा आठवत नाही, धक्के आठवतात.

आता त्या फोटोंच्या इतिहासातल्या एका नावाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे मला राग येतो.

१८८४ मध्ये स्नूक हुर्खोन्ये नावाचा तरुण डच विद्वान जेद्द्यात आला. जावा-सुमात्राकडच्या हाजींवर डच सरकारचे बारीक लक्ष होते. हज करून आलेला माणूस बंडखोर होतो अशी त्यांना भीती. हुर्खोन्येने इस्लाम कबूल केल्याचे जाहीर केले, अब्दुल गफ्फार हे नाव घेतले आणि फेब्रुवारी १८८५ मध्ये मक्केत शिरला. ऑगस्टमध्ये त्याला तिथून बाहेर काढण्यात आले. जाताना आपला कॅमेरा त्याने मक्केतल्याच एका डॉक्टरकडे ठेवला. या डॉक्टरांचेही नाव, योगायोग पाहा, सय्यद अब्दुल गफ्फार. हे डॉक्टर फोटो काढत राहिले आणि हॉलंडला पाठवत राहिले. आपल्या फोटोंवर ते अरबीत सही करत: सय्यद अब्दुल गफ्फार, मक्केचे तबीब. १८८९ मध्ये हुर्खोन्येने मक्केच्या चित्रांचे जे पुस्तक छापले त्यात डॉक्टरांचे फोटो आहेत, पण सह्या नाहीत. त्या काढून टाकल्या. डॉक्टरांचे नावही पुस्तकात येत नाही. पुढे हाच विद्वान अचेहच्या मुसलमानांचा लढा कसा मोडावा, याचा सल्ला डच सरकारला देत होता.

म्हणजे मक्केत राहणाऱ्या माणसाने मक्का कसे पाहिले याची पहिली मोठी नोंद जगापुढे आली ती दुसऱ्याच्या नावावर. आणि डॉक्टरांची नजर खरोखर वेगळी आहे. सादिक बे मोजतो. हा माणूस ओळखतो. त्याच्या हरमच्या फोटोत गर्दी आहे, काब्याभोवती नमाजीच नमाजी आहेत. जुन्या फोटोंत काब्याच्या आसपास ज्या छोट्या छत्र्या दिसतात ते वेगवेगळ्या मसलकांच्या इमामांचे मुसल्ले. हनफी इमाम एका बाजूला, मालिकी दुसऱ्या बाजूला. सौदी राजवट आल्यावर एकच इमाम झाला आणि विसाव्या शतकात त्या छत्र्या हटवल्या गेल्या. आपल्या भिंतीवरच्या चित्रात त्यांची पुसटशी खूणही नाही. मसलकावरून आपल्या मोहल्ल्यांत आज ज्या कडवटपणाने भांडणे होतात त्या पार्श्वभूमीवर चार मुसल्ल्यांचा तो एक फोटो कितीतरी बोलतो. चांगल्यासाठी बोलतो की वाईटासाठी, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या एका सहकाऱ्याला तो फुटीचा पुरावा वाटला, मला शेजाराचा.

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात मी मुलांना मक्का काढायला सांगितले. चाळीस मुलांनी चाळीस काळे चौकोन काढले. काहींनी बाजूला खजुराची झाडे लावली, दोघांनी गुलाब काढले (ते कुठून आले हे मला ठाऊक होते). डोंगर कुणीच काढला नाही. मग मी सादिक बेच्या फोटोची छापील प्रत वर्गात फिरवली. पहिल्या बाकावरची एक मुलगी अगदी ठामपणे म्हणाली, "सर, ये मक्का नहीं है." मी म्हटले, मग कुठले गाव आहे? ती म्हणाली, "पुराना कोई गाँव है."

तिचे काही चुकले नाही. ज्या धड्यांतून आम्ही हजरत इब्राहीम आणि हजरत हाजरा यांचा किस्सा शिकवतो त्याची सगळी गंमत भूगोलात आहे. कुरआनात ही जागा पीक न येणारी दरी म्हणून येते. तान्ह्या बाळाला तहान लागली आहे, पाणी नाही, आई एका टेकडीवर चढून बघते, खाली उतरते, दुसऱ्या टेकडीवर चढते. सफा आणि मरवा या टेकड्या आहेत. टेकडीवर चढल्याशिवाय लांबचे दिसत नाही म्हणून ती चढली. हाजी आजही तेच सात फेरे करतो, पण संगमरवरी फरशीवरून, छताखाली, थंड हवेत, सुमारे साडेचारशे मीटरच्या सरळ दालनात. टेकडीचा खडक टोकाला थोडासा शिल्लक आहे. इब्राहीम रिफअत पाशा या मिसरी अधिकाऱ्याने १९०१ ते १९०८ च्या दरम्यान चार हज केले आणि १९२५ मध्ये दोन खंडांत सचित्र पुस्तक काढले. त्या काळी सफा-मरवाची वाट हा मशिदीच्या भिंतीबाहेरचा रस्ता होता, दुतर्फा दुकाने, मधून सईचे फेरे. १९५५ पासूनच्या विस्तारात ती आत घेतली गेली. वृद्धांना, आजाऱ्यांना याने केवढी सोय झाली हे मी नाकारत नाही. अम्मीने सई पूर्ण केली ती त्या सोयीमुळेच. पण टेकडी चढण्याचा दम जिथे लागत नाही तिथे आईची धावपळ मुलांना समजवायची तर जुना फोटोच हवा.

आमचे एक बुजुर्ग शिक्षक यावर म्हणाले, "नजर काब्यावर हवी, पहाडांत काय ठेवलंय?" त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण हज हा सगळाच जमिनीशी बांधलेला आहे. अरफातचे मैदान, मुजदलिफाचे खडे, मिनाची दरी. पहिली वही उतरली ती डोंगरातल्या गुहेत. आणि काबा दरीच्या तळाशी आहे हे ज्याला पटत नसेल त्याने १९४१ च्या पुराचा फोटो बघावा. भोवतालच्या डोंगरांवरचे पाणी हरममध्ये भरले आहे आणि काब्याच्या भोवती माणसे चक्क पोहत आहेत. त्या एका फोटोने मला मक्केचा जितका भूगोल शिकवला तितका नकाशाने नाही.

ज्या डोंगरांना चित्रात जागा नव्हती ते एकेक करून गेले तेव्हा आपण काय केले? काही नाही, कारण आपल्याला काही गेल्यासारखे वाटलेच नाही. हरमच्या वर टेकडीवर अजयाद नावाचा तुर्कांच्या काळचा किल्ला होता. २००२ मध्ये तो पाडला आणि टेकडीही कापली. तुर्कस्तानात मोठा निषेध झाला. आपल्याकडे उर्दू वर्तमानपत्रांत बातमी आली असेलही, पण घरोघरी हळहळ झाल्याचे मला आठवत नाही. त्या जागी २०१२ मध्ये ६०१ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा पुरा झाला. अम्मीने पाहिलेली घडी ती हीच. जबल-ए-उमरवरची जुनी वस्ती गेली, तिथे हॉटेले आली. कॅलेंडर मात्र बदलले नाही. काही छापखान्यांनी मागे घड्याळ घातले, काहींनी ते पुसून निळे आकाश ठेवले. माझ्याकडे दोन्ही नमुने आहेत. ज्याने घड्याळ पुसले त्याचा हेतू पवित्रच असणार, पण आधी डोंगर लपवला आणि नंतर डोंगर खाणारा मनोराही लपवला, असा हा हिशोब आहे.

या पुसण्याला कॅमेऱ्यानेच उत्तर दिले आहे, आणि गंमत म्हणजे तेही एका डॉक्टरने. अहमद मातिर हा १९७९ मध्ये जन्मलेला सौदी कलाकार पेशाने डॉक्टर. सुरुवातीला त्याने एक्स-रे घेऊन चित्रे केली. नंतर तो कॅमेरा घेऊन मक्केत फिरला आणि २०१६ मध्ये त्याचे ‘डेझर्ट ऑफ फारान’ हे जाडजूड पुस्तक आले. त्यात क्रेनच्या जंगलात उभा हरम आहे, पाडापाडीची धूळ आहे, बांधकामावरचे मजूर आहेत, परदेशांतून येऊन पिढ्यान्पिढ्या मक्केत राहिलेल्या लोकांच्या उतरणीवरच्या वस्त्या आहेत. एका फोटोत महागड्या हॉटेलची खोली आहे आणि तिच्या खिडकीच्या चौकटीत खाली काबा. तो फोटो पाहताना मला आमची बैठकीची खोली आठवली. आमच्याकडेही काबा चौकटीतच होता. फरक एवढाच की आमची चौकट भेंडीबाजारातून आली होती आणि तिचे भाडे पडत नव्हते.

मातिरचे सगळेच मला पटते असे नाही. त्याचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे चुंबकाचा काळा घन आणि त्याच्याभोवती उभा राहिलेला लोखंडाचा कीस. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये २०१२ च्या हज प्रदर्शनात ते होते. कल्पना नामी आहे, पण हाजी शेवटी लोखंडाचा कीसच झाला ना! त्याच्या उंचावरून घेतलेल्या फोटोंतही माणूस मुंगीएवढा. विस्ताराची टीका करता करता कॅमेरा त्याच विस्ताराच्या भव्यतेने दिपून जातो. त्यापेक्षा मला त्याचे वस्त्यांचे आणि मजुरांचे फोटो मोलाचे वाटतात, कारण मक्का हे लोक राहण्याचे गाव आहे, हे तिथे पुन्हा कळते. माझा एक मावसभाऊ अशाच एका बांधकामावर वीजतंत्री होता. त्याने फोनवर पाठवलेल्या पहिल्या फोटोत काबा नव्हताच. बारा जणांची खोली होती, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि खिडकीतून दिसणारा अर्धा कापलेला डोंगर. मावशी रुसली. म्हणाली, "मक्के का फोटो भेज बोली थी."

मार्च २०२० मध्ये साथीमुळे मताफ रिकामा केला गेला आणि त्याचे फोटो जगभर आले. काळा चौकोन, पांढरी फरशी, माणूस नाही. त्या वर्षीच्या हजलाही सौदीतच राहणाऱ्या मोजक्या लोकांना परवानगी मिळाली. इतकी वर्षे भिंतीवर टांगलेले चित्र त्या दिवशी हुबेहूब खरे झाले होते. आणि ते पाहून घरोघरी लोक रडले. दादी तर टीव्ही बंद कर म्हणाली. ज्या चित्राकडे बघून आपण रोज दुआ मागत होतो ते खरे झाल्यावर आपल्याला सोसवले नाही, याचा विचार मी अजून करतो आहे.

हा विषय एकट्या मक्केपुरता नाही, हेही सांगायला हवे. ईदच्या दुसऱ्या दिवशीचे कुठलेही मराठी वर्तमानपत्र उघडा. उंचावरून घेतलेला फोटो, पांढऱ्या टोप्यांच्या रांगा, मागे मिनार. वर्षातून दोनदा मुसलमानांचे गाव असे छापून येते. उरलेले दिवस फोटो येतो तो अरुंद गल्लीचा, बुरख्यातल्या पाठमोऱ्या बाईचा, पोलिसांच्या गाडीचा. आमच्या मोहल्ल्यातला यंत्रमाग, शिकवणीहून परतणाऱ्या सायकलींची रांग, पावसाळ्यात तुंबणारी गटारे, गच्चीवर पतंग उडवणारे म्हातारे कुठे दिसत नाहीत. आपल्याला याचा राग येतो, आणि यायलाच हवा. पण दुसऱ्याच्या गावातले लोक, घरे, डोंगर कापून एक साफ चित्र भिंतीवर लावायची सवय आपल्यालाही आहे. इतरांनी आपल्या गल्लीचे जे केले ते आपण भक्तीपोटी मक्केचे केले.

एक उपाय जवळच आहे, आणि तो परक्या छायाचित्रकारांवर अवलंबून नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या चांदनी चौकातले मिर्झा अँड सन्स हे छायाचित्रकार मक्का-मदीनेचे फोटो विकत. म्हणजे ही पवित्र शहरे कॅमेऱ्यातून पाहण्याची वाट हिंदुस्थानी मुसलमानांनी केव्हाच चोखाळली होती. जहाजाने हजला जाणे १९९५ मध्ये बंद झाले. त्या आधी गेलेल्या हाजींच्या पेट्यांत, पासपोर्टच्या पाकिटात, जुन्या अल्बमच्या मागच्या पानात काही ना काही असेल. बडे अब्बांच्या लोखंडी पेटीत मला एकच फोटो सापडला. कोपरा वाळवीने खाल्लेला. एहरामातले चार जण एका दगडी पायरीवर बसले आहेत, चौघेही थकलेले, एकाची चप्पल तुटलेली. काबा कुठेच नाही. पाठीमागे मात्र फोटोची निम्मी जागा व्यापून एक उघडा, काळवंडलेला डोंगर उभा आहे.

तो फोटो आता मी जोडचित्राच्या शेजारी लावला आहे. पाहुणे विचारतात, हा कुठला?

वर्गात अजून एक गोष्ट राहिली होती. डॉक्टर अब्दुल गफ्फार यांच्या हरमच्या फोटोची प्रत मी फळ्याशेजारी चिकटवली आणि खाली उर्दूत पेन्सिलने त्यांचे नाव लिहिले, तबीब-ए-मक्का. सही का काढली ते मुलांना सांगितले. कोणीच काही बोलले नाही. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, डॉक्टर थे तो मरीज कब देखते थे?" तेवढ्यात घंटा झाली आणि गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले.